फुल गॅसला बंद पडतं

आमच्या गाळ्यात दोन गोष्टी साचतात. एक भंगार, दुसरे किस्से. भंगार न्यायला दर शनिवारी हातगाडीवाला येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून ते माझ्याकडेच पडून आहेत. कुठल्या तरी हळदीला नाहीतर साखरपुड्याला कोणीतरी हमखास विचारतं, "विलास, तू ते पाण्यातल्या स्कूटरचं काम करतोस ना? सांग की काहीतरी!" मी सांगतो. लोक हसतात. त्यांच्याबरोबर मीही हसतो. घरी आल्यावर बायको म्हणते, "यात हसण्यासारखं काय होतं?"

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोळ नको. गाळा साकीनाक्याला. शेजारी लेथवाला, समोर वेल्डिंगवाला, वरच्या मजल्यावर खोट्या दागिन्यांचं पॉलिश. समुद्र कुठे औषधालासुद्धा नाही. आणि या सगळ्याच्या मध्ये आम्ही जेट स्की दुरुस्त करतो! मालक राणेशेठ. हेड मेकॅनिक दयानंद परब, मालवणचा, मुलुंडला राहतो. आणि मी विलास कांबळे, जोगेश्वरीचा, आधी रिक्षांची इंजिनं खोलायचो. आमचं गाव साताऱ्याकडे, दुष्काळी पट्ट्यात. तिघांत पोहता येतं ते फक्त दयाला.

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांची तक्रार एकच. "हळू चालवलं की झकास चालतं. फुल गॅस दिला की बंद पडतं." गाळ्यात पाण्याचा पाइप जोडून मशीन चालू केलं की ते शहाण्या मुलासारखं गुरगुरत राहतं. दुखणं फक्त समुद्रात, जोरात जाताना. म्हणजे ते शोधायला आम्हाला समुद्रात जावं लागतं, आणि जोरात जावं लागतं. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

*

अंधेरीच्या एका बिल्डरच्या मुलाची जेट स्की होती. लाल, नवीकोरी. तक्रार तीच. मढजवळच्या किनाऱ्यावर आम्ही तिघं गेलो. तो, त्याचा ड्रायव्हर आणि मी. पोरगा म्हणाला, "तुमचे कपडे ग्रीसचे आहेत, सीटवर टॉवेल टाका." ड्रायव्हरने गाडीतून टॉवेल आणला, स्वतः नीट अंथरला. पन्नाशीचा माणूस, घाटकोपरचा, गोविंदराव नाव.

मी निघालो. पहिली दोन मिनिटं मस्त. मग गॅस पिळला आणि इंजिन खोकायला लागलं. खोकलं, आणि मेलं. मी टाकीचं झाकण उघडलं तर 'सुऽऽस' करून हवा आत गेली. परत बटण दाबलं तर चालू! मला तिथेच कळलं. टाकीला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते. ती बंद झाली की पेट्रोल खेचता खेचता टाकीत हवाच उरत नाही. हळू चालवताना निभतं, जोरात गेलं की गळा दाबल्यासारखं होतं.

किनाऱ्यावर येऊन बघितलं तर नळीच्या तोंडावर एम-सीलचा छोटा गोळा. नीट, गुळगुळीत, बोटाने दाबून बसवलेला.

मी काय खूश! पोराला दाखवलं. म्हणालो, "बघा साहेब, कोणीतरी हे बुजवलंय."

गोविंदराव पुढे आले. "मी लावलं. साहेबच म्हणाले होते ना, आत एक थेंब पाणी जाता कामा नये..."

पोरगा नुसता हसला. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदराव गाळ्याच्या दारात उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पण गाडीची चावी हातात नाही. म्हणाले, "अकरा वर्षं होतो त्यांच्याकडे. पोराला शाळेत मीच सोडायचो." मी चहा सांगितला. त्यांनी घेतला, कप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "दादा, तुम्ही 'काय झालं होतं कळलं नाही, पण आता चालतंय' असं म्हणाला असता, तर चाललं नसतं का?"

तेव्हापासून मी कारण सांगतो, माणूस सांगत नाही.

*

एकदा परदेशी कंपनीचं ट्रेनिंग होतं. अंधेरीच्या हॉटेलात, एसी हॉल, गळ्यात अडकवायला नावाची पट्टी. राणेशेठनी आम्हा दोघांना पाठवलं, आणि सोबत त्यांचा भाचा. भाचा कॉम्प्युटर शिकलेला. पाना त्याने फक्त बघितला होता.

शिकवणारा साहेब तरुण होता, लॅपटॉप घेऊन आलेला. म्हणाला, आता मेकॅनिकने अंदाज करायचा नाही. मशीनला वायर लावायची, लॅपटॉप सांगेल काय बिघडलंय.

दुपारी हॉटेलच्या मागच्या अंगणात एक मशीन ठेवलं होतं. चालू केलं. साहेबाने वायर लावली. स्क्रीनवर सगळं हिरवं. साहेब म्हणाला, "सी? नो फॉल्ट!"

दया मागे उभा होता. तो पुढे आला, इंजिनावर तळहात ठेवला, आणि मला म्हणाला, "पेट्रोलात पाणी आसा."

मी हिंदीत सांगितलं. साहेब हसला. "पाणी असतं तर कोड आला असता."

"सायबाक सांग, जरा गॅस देऊन बघ."

साहेबाने गॅस दिला. मशीन घुसमटलं आणि बंद पडलं. स्क्रीनवर अजून हिरवंच! दयाने खालची नळी सोडून बाटलीत पेट्रोल काढलं, बाटली उन्हात धरली. तळाशी पाण्याचे गोल गोल थेंब, पाऱ्यासारखे. अंगणात जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबानेही वाजवल्या. दयाबरोबर फोटो काढला.

मग लेखी परीक्षा झाली. इंग्रजीत. दयाने नाव लिहिलं, आणि खाली मालवणीत एक ओळ लिहिली. काय लिहिलं ते मला सांगितलं नाही, पण साहेबाला वाचता आलं नाही हे बरंच झालं. मी अर्धा पेपर सोडवला, नापास झालो. भाचा पास!

सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये गाळ्यात लागलं. भाचा सहा महिन्यांत कॅनडाला गेला. आज नवीन गिऱ्हाईक आलं की फ्रेमकडे बघतं आणि विचारतं, "हे साहेब कुठायत? त्यांनाच दाखवायचंय मशीन."

दया हात पुसत म्हणतो, "जेवूक गेले हत."

आठ वर्षं झाली. अजून जेवतायत.

*

हा छोटासा. एका मोठ्या ऑफिसचा किनारा-सफाईचा कार्यक्रम होता. सगळे एकसारखे टी-शर्ट, हातात मोजे. त्यांचे बडे साहेब जेट स्कीवरून येणार, किनाऱ्यावर उतरणार आणि पहिली बाटली उचलणार. कॅमेरे तयार. साहेब लांबून जोरात निघाले. रुबाबात! आणि मध्येच मशीन तापून बंद. होडीने ओढून आणावं लागलं.

आम्हाला तिथेच बोलावलं होतं. मी आणि दयाने मशीन कुशीवर केलं, खालून पाणी ओढायच्या जाळीत हात घातला. आत प्लास्टिक गुंडाळलेलं, घट्ट. ओढून काढलं, उलगडलं. चार हात लांब पट्टी. निळ्यावर पांढरी अक्षरं, 'माझा समुद्र, माझी जबाबदारी'. सकाळीच त्यांच्या लोकांनी दांड्यांना बांधली होती, वाऱ्याने सुटली असणार.

एक मॅडम धावत आल्या. मला वाटलं ओशाळल्या असतील. त्या म्हणाल्या, "अरे, फाडलीत का? ग्रुप फोटो बाकी होता!"

*

एका किनाऱ्यावर, कुठला ते राहू दे, जीवरक्षकांसाठी एक जेट स्की आली. सरकारी खात्याने दिलेली. नारळ फुटला, हार घातला, फोटो निघाले. मग तिच्यावर ताडपत्री पडली.

तिथला जीवरक्षक बस्त्याव. कोळीवाड्यातला, साठीकडे झुकलेला. आयुष्यभर एक रबरी ट्यूब आणि दोन हात एवढ्यावर माणसं काढत आला. मी विचारलं, "मामा, मशीन आहे ना आता?" तर म्हणाला, "आहे ना. कपडे वाळत घालतो तिच्यावर."

वर्षाने आम्हाला बोलावणं आलं. तक्रार? फुल गॅसला बंद पडतं! उघडलं तर टाकीत उद्घाटनाच्या दिवशीचंच पेट्रोल. त्याला वास राहिला नव्हता, नुसता चिकट चहा झाला होता. साफ केलं, नवीन भरलं, आणि कागदावर लिहून दिलं की आठवड्यातून एकदा तरी पाण्यात नेऊन जोरात चालवा.

उत्तर आलं. लेखी. 'सदर यंत्र केवळ आपत्कालीन वापरासाठी असल्याने ते विनाकारण चालवता येणार नाही. तथापि ते सदैव चालू स्थितीत राहील याची दक्षता घ्यावी.' दयाने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. म्हणाला, "म्हणजे व्यायाम नको, पण तालीम मारलेली दिसूक व्हयी!"

पुढच्या वर्षी वरून एक अधिकारी पाहणीला आले. स्वतः बसून बघणार म्हणाले. बसले. किनाऱ्यावर सगळं खातं उभं. साहेबांनी गॅस पिळला, मशीन उसळलं, बरंच आत गेलं, आणि बंद. साहेबांनी उभं राहून हात हलवायला सुरुवात केली. किनाऱ्यावरच्यांना वाटलं, साहेब अभिवादन करतायत. त्यांनीही हात हलवले!

बस्त्यावला कळलं. त्याने ट्यूब उचलली आणि उडी मारली. ओहोटी होती, मशीन आत आत चाललेलं. म्हाताऱ्याने पोहत जाऊन मशीनची दोरी कमरेला बांधली आणि साहेबासकट मशीन ओढत आणलं. किनाऱ्यावर येऊन वाळूत उताणा पडला.

पंधरा दिवसांनी सत्कार झाला. साहेबांचा. खवळलेल्या समुद्रात स्वतःच्या जिवाची पर्वा न करता यंत्राची चाचणी घेतल्याबद्दल! बस्त्यावला खुर्च्या लावायला बोलावलं होतं.

मी त्याला म्हणालो, "मामा, तुम्ही काही बोलला नाहीत?"

तो म्हणाला, "बोललो ना. माइक चालू आहे का बघा म्हटले, तर बोललो, हॅलो हॅलो."

*

आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं मी मजा मारतो. "कांबळे, रोज जेट स्की! ऐश आहे बाबा तुझी." माझी मुलगी श्रावणी, तेव्हा पाचवीत होती, वर्गात सांगून आली होती, माझे पप्पा समुद्रात स्कूटर चालवतात. मुली म्हणाल्या, खोटं. म्हणून एका रविवारी तिला घेऊन गेलो.

गोराईच्या पुढे आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, जेट स्की भाड्याने देणारं. त्याच्या पाचही मशीनची इंजिनं माझ्या हाताखालून गेलेली. त्याला आधी फोन केला होता. म्हणाला, "आणा की वहिनींना, पोरीला. घरचंच आहे!"

श्रावणीला केशरी जॅकेट घातलं. तिला ते गुडघ्यापर्यंत आलं. बायकोने मोबाइल धरला. आम्ही मशीनजवळ उभे राहिलो. तेवढ्यात एक गुजराती कुटुंब आलं. मशीनवाला म्हणाला, "विलासभाऊ, पाच मिनिटं." ठीक आहे. मग कॉलेजची पोरं आली. "विलासभाऊ, एवढी पोरं सोडतो." मग एक जोडपं आलं. मग त्याने आमच्याकडे बघणंच सोडून दिलं.

मध्ये एक मशीन पाण्यात बंद पडलं. तेव्हा बरोबर त्याची नजर आमच्याकडे वळली! "विलासभाऊ, जरा बघता का?" मी पँट वर करून पाण्यात गेलो. बॅटरीची वायर ढिली होती, लाटेवर आपटलं की सुटायची. घट्ट केली. परत आलो.

श्रावणी तशीच जॅकेट घालून वाळूत बसलेली. ऊन उतरलं. पाच वाजले, सहा वाजले. मग मशीनवाल्याने सगळी मशीनं वर ओढायला सांगितली. सूर्य मावळल्यावर पाण्यात न्यायला बंदी. म्हणाला, "अरेरे! राहूनच गेलं. पुढच्या रविवारी नक्की."

मी श्रावणीला उभ्या मशीनवर बसवलं, वाळूत. बायकोने फोटो काढला. श्रावणीने हँडल धरलं, पण हसली नाही.

परत येताना होडीत तिने विचारलं, "पप्पा, बंद पडल्यावर ते तुम्हालाच बोलावतात ना?"

"हो."

"मग चालू असताना का नाही?"

बायकोने तिला गप्प केलं. मी नसतं केलं.

*

इतकी वर्षं आम्ही बंद पडणारी मशीनं चालू केली. एक दिवस एक माणूस आला, चालणारं मशीन बंद पाडून द्या म्हणून!

त्याचा किनाऱ्यावर धंदा. त्याचं दुखणं असं, की पर्यटक भाड्याने मशीन घेतात आणि सुसाट लांब निघून जातात. मागे जाऊन आणावं लागतं. म्हणाला, "असं काहीतरी करा, की एका स्पीडच्या वर गेला की आपोआप बंद. फुल गॅस मारला की खल्लास."

राणेशेठ विचारात पडले. शेठ वाईट माणूस नाही, पण गिऱ्हाईक समोर असलं की त्यांचा चेहरा आधीच 'हो' म्हणतो. दयाने हातातला पाना खाली ठेवला.

"मशीन स्लो करून देतो. बंद करून देणार नाय."

"स्लो केलं तर लोकांना मजा येत नाही हो."

"ह्या मशीनीक ब्रेक नसता, म्हायत आसा ना? मागून पाणी फेकता, त्याच पाण्यावर वळता. इंजिन बंद, म्हणजे पाणी बंद. पाणी बंद, म्हणजे हँडल मेला. माणूस हँडल फिरवीत रवतलो आणि मशीन सरळ जाईत रवतला. समोर काय आसात ता आसात."

तो माणूस म्हणाला, "समोर काय असणार? समुद्र आहे."

दयाने पाना परत उचलला. त्याचं बोलणं संपलं होतं. राणेशेठनी त्या दिवशी दयाचं ऐकलं, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो.

तो गेला. पुढच्या गल्लीत एकाने करून दिलं. एका दुपारीत!

दिवाळीनंतर बातमी आली. नागपूरकडचं नवीन जोडपं होतं. नवरा चालवत होता, बायको मागे. जेट्टीच्या बाजूने वळायला गेला, घाबरून गॅस पिळला, इंजिन बंद. हँडल पूर्ण वळवलेलं आणि मशीन सरळ जेट्टीवर. बायको पाण्यात फेकली गेली, ती वाचली. नवऱ्याचा गुडघा गेला. कायमचा.

तो धंदेवाला आमच्या गाळ्यात आला. पोलिसांत जाऊन आलेला, दाढी वाढलेली. मला वाटलं, माफी मागायला आला असेल. खरंच वाटलं हो!

तो दयाकडे बोट करून ओरडला, "तुम्हाला माहीत होतं ना असं होणार? मग तेव्हा नीट समजावून का नाही सांगितलं?"

दयाने त्याच्यासाठी स्टूल ओढलं. म्हणाला, "बस. पाणी घे."

मला राग आला. तो गेल्यावर मी म्हणालो, "पाणी कसलं देतोस त्याला?"

दया म्हणाला, "मालवणीत सांगितलंय मी तेका. मराठीत सांगूक व्हया होता."

*

आणि हा शेवटचा. हा मी हळदीला वगैरे सांगत नाही.

दयाला ऐकू येईनासं झालं होतं. तीस वर्षं इंजिनाशेजारी कान लावून बसलेला माणूस, होणारच. मुलुंडच्या डॉक्टरने कानात घालायचं मशीन दिलं. ते त्याने एकच दिवस घातलं. "सगळाच एकदम आयकाक येता रे. हॉर्न, लेथ, शेठ. माका फक्त इंजिन व्हया." मग त्याने त्याची युक्ती काढली. लांब स्क्रू ड्रायव्हर, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ दातांत धरायची. हाडातून आवाज डोक्यात जातो म्हणे. गिऱ्हाइकं हसायची. दया त्यांना सांगायचा, "बायलेचा आयकाक येणा नाय, पंपाचा येता!"

पण राणेशेठना माहीत नव्हतं. कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी माणूस बदलला असता. बहिऱ्या मेकॅनिकला समुद्रात कोण पाठवणार? म्हणून आमचं दोघांचं ठरलेलं होतं. शेठ बोलायला लागले की मी दयाच्या समोर उभा राहायचो आणि तेच हळू परत बोलायचो. तोंड दिसलं की त्याला निम्मं कळायचं, निम्मं तो जुळवायचा. दोन वर्षं आम्ही असं रेटलं.

त्या दिवशी सकाळी अकराची वेळ. एक मशीन चार दिवस छळत होतं. तेच, फुल गॅसला बंद पडणारं. पेट्रोल बघितलं, प्लग बघितले, वायरी बघितल्या, काही सापडेना. दया स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून इंजिनाच्या खोबणीत डोकं घालून बसलेला. मी गॅस वर-खाली करत होतो. शेजारी लेथ चालू, समोर वेल्डिंग, वर पॉलिशचं घर्रघर्र. नेहमीसारखं.

दयाचा फोन टेबलावर थरथरला. त्याचा फोन मीच उचलायचो. मालवणहून त्याचा भाऊ होता.

"विलासभाऊ काय? आय गेली. आत्ताच. दयाक सांगा. रात्रीपर्यंत पोचूक झाला तर थांबतव, नायतर आमी थांबणव नाय."

मी फोन ठेवला. इंजिन बंद केलं. दयाने डोकं वर काढलं, चिडलेला. "कित्याक बंद केलंस? आत्ता खंय आवाज गावलो हुतो!"

मी म्हणालो, "दया, आई गेली."

त्याच्याकडे बघून बोललो असतो तर त्याला कळलं असतं. मला बघवेना. मी जमिनीकडे बघून बोललो.

"आं?"

"तुझी आई गेली रे!"

"मोठ्यान सांग मेल्या, हंय कोण झोपला नाय!"

लिहून द्यावं हे मला सुचलं नाही. नंतर खूप वेळा सुचलं. मी डोळे मिटले आणि पोटातून ओरडलो, "दया, आई गेली!"

शेजारचा लेथ थांबला. समोरच्या वेल्डरने ठिणग्या बंद केल्या, तोंडावरची काच वर केली. वरचं पॉलिश थांबलं, कोणीतरी जिन्यातून वाकून बघायला लागलं. केबिनचं दार उघडून राणेशेठ बाहेर आले आणि तिथेच उभे राहिले. दिवसाढवळ्या आमची गल्ली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. सगळे दयाकडे बघत होते.

दयाने स्क्रू ड्रायव्हर दातांतून काढला. एकेकाकडे बघितलं. लेथवाल्याकडे, वेल्डरकडे, शेठकडे. मग माझ्याकडे बघून हसला.

"काय रे विलास, लाईट गेली काय?"